भिंतीवरचा जांभळा

आमच्या हॉलमधला प्रोजेक्टर हिरवा मारायचा. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं आणि माझ्याशिवाय कुणालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. मी इथे डिजिटल डिझाइनच्या मुलांना रंग शिकवते. कुठला रंग कशाच्या शेजारी ठेवला की काय होतं, डोळा कुठे फसतो, कागदावरच्या रंगाचं आणि पडद्यावरच्या रंगाचं का पटत नाही, हा माझा विषय. आणि माझ्या मुलांची शेवटची परीक्षा ज्या भिंतीवर होते, त्या भिंतीवर साधा पांढरासुद्धा बुरशी चढल्यासारखा हिरवट दिसतो. मी दरवर्षी तक्रार करायची, विभागप्रमुख दरवर्षी मान डोलवायचे. "चित्र दिसतंय ना मॅडम?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यावर काय बोलणार, कपाळ?

मुलं माझ्यासारखी कटकट करणाऱ्यांतली नव्हती. त्यांनी परस्पर इलाज काढला होता. काम पूर्ण झालं की फाइलमध्ये सगळ्यात वर एक पातळ गुलबक्षी थर चढवायचा. भिंतीवरचा हिरवा आणि हा गुलबक्षी एकमेकांना खाऊन टाकतात, आणि काम भिंतीवर जसं हवं तसं दिसतं. हा थर एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे वारशाने यायचा. त्याचं नावही पडलं होतं, मेकअप. परीक्षा जवळ आली की जिन्यात, कॅन्टीनमध्ये एकच चौकशी चालायची, "मेकअप लावलास का?" नवीन येणाऱ्या शिक्षकांना वाटायचं, पोरं फारच नटवी आहेत.

मला ते आवडायचं नाही. हॉलच्या बाहेर तीच फाइल चांगल्या पडद्यावर उघडली की सगळं लालगुलाबी. मी वर्षाच्या सुरुवातीलाच दम भरायची, "माझ्या वर्गात मेकअप चालणार नाही. फाइलमधला रंग खरा पाहिजे. भिंत खोटी असेल तर तो भिंतीचा दोष." सगळे माना हलवायचे आणि सगळे मेकअप लावायचे. मीही मग परीक्षेत डोळेझाक करायची, कारण नाही केली तर अख्खा वर्ग नापास करावा लागला असता. असं आमचं दोन्ही बाजूंनी छान चाललं होतं.

या वर्षी एकीने माझं म्हणणं खरं मानलं, तिथे घोडं अडलं.

तिला वर्गात लोकर म्हणायचे. तिच्या आईचं लोकरीचं दुकान होतं आणि ही पहिल्याच दिवशी स्वतः विणलेला स्वेटर घालून आली होती, एवढं कारण मुलांना पुरलं. तिला त्याचा राग नव्हता. हाक मारली की ती "ओ" द्यायची. दिसायला साधी, पण चिवट. एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडायची नाही.

माझा पहिला धडा दरवर्षी तोच असतो. एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे, एक काळ्यावर ठेवायचा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा गडद. मुलं पैज लावायला तयार असतात की हे दोन वेगळे कागद आहेत. मग मी दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना चिकटवते आणि वर्गातून "अरे!" असा आवाज येतो. त्या आवाजासाठी मी इतकी वर्षं या नोकरीत तग धरून आहे, खोटं कशाला बोलू. त्या दिवशीही तो आवाज आला. नंतर सगळे फोन काढून फोटो घेत होते आणि लोकर एकटी कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"मॅडम, मग खरा कुठला?"

"कसला खरा?"

"उजळ दिसणारा खरा की गडद दिसणारा?"

वर्ग हसला. मी नाही हसले. मला ती तिथेच आवडली, आणि शिक्षकाला एखादं मूल असं आवडू लागलं की त्या मुलाचं काही खरं नसतं.

शेवटच्या प्रकल्पासाठी बाकीच्यांनी कल्पनेतल्या कंपन्या निवडल्या. कुणी चंद्रावर जायची तिकिटं विकत होतं, तिघांनी कॉफीची दुकानं काढली होती. लोकरने आईचंच दुकान घेतलं. लोक फोनवर रंग बघून लोकर मागवत, घरी पार्सल उघडलं की रंग वेगळा निघे आणि माल परत येई. अर्धा स्वेटर विणून झाल्यावर दुसरी लडी मागवणाऱ्या बायका तर भांडायलाच उठत.

"आई दुकानात काय करते मॅडम, गिऱ्हाइकाला लडी घेऊन दारात नेते," तिने मला सांगितलं. "म्हणते, इथे उजेडात बघा, आत नका बघू. आता फोनमध्ये मी दार कुठून आणू?"

ते दार तिने आणलं. कित्येक महिने ती प्रयोगशाळेतल्या त्या एका चांगल्या मॉनिटरला चिकटून बसलेली असायची. शेजारी लडी, मागे राखाडी पुठ्ठा, एक एक छटा जुळवत. मोरपंखी, विटकरी, अबोली, सगळे रंग तिने पडद्यावर असे उतरवले की हात लावून बघावंसं वाटे. सगळ्यात जास्त तिला छळलं फिकट जांभळ्याने. त्याचा कधी निळा व्हायचा, कधी गुलाबी. मी जाता येता मागे उभी राहायची. "अजून थोडा थंड," म्हणायची. ती एक पाऊल मागे जाऊन डोळे बारीक करून बघायची आणि पुन्हा खाली बसायची. ज्या दिवशी तो जमला त्या दिवशी ती लडी आणि तो पडदा यांत मला खरोखर फरक सांगता आला नसता.

परीक्षेच्या आधी ती स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, सगळे मेकअप लावतायत. मी पण लावू का?"

"तू खरा रंग ठेव," मी म्हणाले. "बाकी मी बघते."

किती सहज बोलून गेले मी ते. तोंडाला काय, त्याला हाड थोडंच असतं.

परीक्षेला बाहेरून एक पाहुणा परीक्षक यायचा. कुठल्याशा मोठ्या कंपनीत तो डिझाइनचा प्रमुख होता, बूट चकचकीत आणि बोलणं त्याहून. शेजारी आमचे विभागप्रमुख, आणि कडेला मी. मुलं एकेक करून येत होती. चंद्राची तिकिटं छान दिसली. कॉफीची तिन्ही दुकानं छान दिसली. वर्गाचा म्होरक्या, ज्याला सगळे सेटिंग म्हणायचे कारण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची सेटिंग असायची, त्याच्या कामाला तर परीक्षकाने टाळ्या वाजवल्या. मला ते सगळे गुलबक्षी थर नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. मी मूग गिळून बसले होते.

मग लोकर आली. तिचं पहिलं पान भिंतीवर पडलं. मोरपंखी शेवाळासारखा दिसत होता. अबोली मळकट झाली होती. आणि तो फिकट जांभळा, त्याला रंग म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

"हा कुठला रंग?" परीक्षकाने विचारलं. "सिमेंट?"

हॉलमध्ये हशा पिकला.

"फिकट जांभळा आहे सर," लोकर म्हणाली. तिने पिशवीतून लडी काढली आणि वर धरली. "हा बघा."

"हातातलं नको, बाळ. आम्ही भिंतीवरचं बघायला आलोय."

मी उठले. म्हणाले, "सर, आमचा प्रोजेक्टर हिरवा मारतो. तिचे रंग बरोबर आहेत. शेजारच्या खोलीत मॉनिटर आहे, तिथे दोन मिनिटं बघा."

परीक्षकाने विभागप्रमुखांकडे बघितलं. विभागप्रमुख माझ्याकडे बघून हसले, लहान मुलाला समजावताना हसतात तसे.

"मॅडम, प्रोजेक्टर हिरवा मारतो ना? मग सकाळपासून एवढ्या मुलांचं झालं, त्यांचं कसं बरोबर दिसलं? हिचंच हिरवं कसं?"

याचं उत्तर मला येत होतं. त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला येत होतं. मी मुलांकडे वळून बघितलं. सेटिंग फोनमध्ये तोंड खुपसून बसला होता. बाकीचे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांचे निकाल अडकले असते. लोकरही बोलू शकली असती. तिने वर्गाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत उभी राहिली.

"मॉनिटरवर बघा एकदा," मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज मलाच पडेल वाटला.

"मॅडम, तुम्हीच तर शिकवता की रंग आजूबाजूच्या परिस्थितीवर अवलंबून असतो," विभागप्रमुख म्हणाले. परीक्षकाला ते वाक्य फारच आवडलं. तो मान डोलवत म्हणाला, "बाजारात पण हेच आहे. गिऱ्हाईक जिथे बघतं, तिथे चांगलं दिसायला पाहिजे." आणि मग दोघांनी मिळून तिला नापास केलं. पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा. लोकरने लडी पिशवीत ठेवली, "थँक यू सर" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

बाकी मी बघणार होते. बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिच्यासाठी सांत्वनाचं काहीबाही जुळवून ठेवलं होतं. तिला ते नकोच होतं.

"मॅडम, मी काय बदलू?"

"काहीच बदलू नकोस. तुझं काम बरोबर आहे."

"बरोबर आहे हे मला माहितीये. पण पास कशी होऊ ते सांगा." ती खुर्चीवर बसलीही नाही. "मला नोकरी देतायत त्या ऑफिसवाल्यांनी निकाल मागितलाय. या महिन्यात नाही दिला तर ते दुसऱ्या कुणाला तरी घेणार. आईने त्या भरवशावर दुकानात मदतीला बाई ठेवलीय."

"मी विभागप्रमुखांशी बोलते."

"बोला," ती म्हणाली. त्यात काही कुजकेपणा नव्हता, पण आशाही नव्हती.

विभागप्रमुख चहा पीत होते. मी म्हणाले की फेरपरीक्षा मॉनिटरवर घ्या. ते म्हणाले, सगळ्यांना भिंत आणि एकीला मॉनिटर, हा पक्षपात होईल. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मग मी परीक्षकाला सांगते बाकीच्यांनी काय केलंय ते."

"मेकअप?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहितीये?" मी म्हणाले.

"अहो, मला काय माहीत नाही? दर वर्षी संचालकांपुढे मी विभागाचं सादरीकरण करतो, ते कुठे करतो? त्याच हॉलमध्ये. माझ्या फाइलला पण मी मेकअप पोरांकडूनच लावून घेतो. तो सेटिंग छान लावतो." त्यांनी कप खाली ठेवला. "सांगा की परीक्षकाला, माझं काय जातंय? सगळ्यांची फेरपरीक्षा होईल. मग सगळ्यांचे आईबाप येतील. मग कुणीतरी विचारेल, या मुलांना रंग कोण शिकवतं. तेव्हा काय सांगायचं ते मात्र ठरवून ठेवा."

मी बाहेर आले. त्या माणसाचा मला राग आला नाही असं नाही, पण त्याहून जास्त शरम वाटली, कारण त्याचं बोलणं अगदी बिनतोड होतं. त्याने कधी कुणाला खरा रंग ठेवायला सांगितला नव्हता. तो कधी तोंडावर पडणार नव्हता.

संध्याकाळी घरी ताईने विचारलं, तोंड का पडलंय. ताई माझी थोरली बहीण. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ती माझ्याकडेच राहते आणि माझ्या नोकरीवर तिचं बारीक लक्ष असतं. मी भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. विभागप्रमुखांची नक्कल करून दाखवली, परीक्षकाच्या बुटांवर तोंडसुख घेतलं. ताई हसली नाही.

"तुला तो मेकअप लावता येतो का?" तिने विचारलं.

"न यायला काय झालं? त्या पोरांपेक्षा कितीतरी चांगला लावेन. ती एकच थर सगळ्यावर फासतात. प्रत्येक रंगाला वेगळा हिशेब लागतो."

"मग अडलंय कुठे?"

"ताई, ते खोटं आहे."

"हो गं. पण त्या पोरीच्या आईने दुकानात बाई ठेवली ते तर खरं आहे ना?" ती माझ्या हातातली सुरी घेत म्हणाली. "सरक. तू बोट कापून घेशील."

मला तिचाही राग आला. घरातल्या माणसांना सगळं सोपं दिसतं. पण दुसऱ्या दिवशी मी हॉलची किल्ली मागून घेतली आणि लोकरला निरोप पाठवला, सगळ्या लड्या घेऊन ये.

हॉल रिकामा होता. खुर्च्यांवर धूळ, कोपऱ्यात कुणाची तरी विसरलेली छत्री. मी प्रोजेक्टर लावला, तिचं पान भिंतीवर पडलं, तेच शेवाळ, तोच सिमेंट. लोकरने लड्या एकेक करून पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर मांडल्या. काय चाललंय ते तिने विचारलं नाही.

"आधी फाइलची नक्कल कर," मी म्हणाले. "खरी फाइल वेगळी ठेव. तिला हात लावायचा नाही."

"वेगळीच आहे."

"आता मोरपंखी घे. यातला हिरवा कमी कर. अजून. अजून कर, घाबरू नकोस."

लॅपटॉपवर मोरपंखीचा भलताच निळा झाला. भिंतीवर तो हळूहळू मोरपंखी होऊ लागला. मी लडी घेऊन भिंतीजवळ जाऊन उभी राहिले. "थोडा गडद." ती वाकून कळ दाबत होती आणि भिंत लडीच्या जवळ सरकत होती. एका क्षणी दोन्ही जुळले. आम्ही दोघी एकदमच "बास!" म्हणालो.

मग विटकरी. मग अबोली. अबोलीने त्रास दिला, तिला नुसता गुलबक्षी मानवत नव्हता, ती भडक व्हायची. मी म्हणाले, तिला सोड, तिच्या मागची पाटी बदल. मागचा राखाडी आम्ही थोडा हिरवा केला आणि त्याच्यावर अबोली आपोआप फुलून आली. लोकर खुर्चीवरून उठली. "हे कसं झालं?" मी सांगितलं. हिरव्याच्या शेजारी डोळा स्वतःच तांबूस शोधतो, तिथे आपण काही करायचं नसतं, फक्त जागा करून द्यायची. तिचे डोळे चमकले. वर्षभरात मी तिला इतकं शिकवलं नव्हतं जितकं त्या दुपारी शिकवलं, आणि सांगायला लाज वाटते, मला मजा आली. कित्येक वर्षांत आली नव्हती तेवढी. हात सराईतपणे चालत होते. मुलं जो मेकअप फासायची त्याची मला कीव आली. खोटं करायचंच तर ते असं करावं, असं मी मनात म्हणाले, आणि मग मी काय म्हणाले ते माझ्या लक्षात आलं.

फिकट जांभळा शेवटी घेतला. तो भिंतीवर आणायला लॅपटॉपवर त्याचा असा भगभगीत गुलाबी करावा लागला की लोकरने पडद्यावरून नजर काढून घेतली. ती फक्त भिंतीकडे बघत राहिली आणि मी कळा दाबत गेले. तिने कित्येक महिने खपून जो रंग जुळवला होता, त्याचं वाटोळं मी माझ्या हाताने, अगदी काळजीपूर्वक केलं. भिंतीवर तो लडीसारखा हुबेहूब दिसू लागला तेव्हा ती म्हणाली, "जमला." आणि लड्या गोळा करायला लागली.

फेरपरीक्षेला तोच परीक्षक आला होता. लोकरने पहिलं पान लावलं आणि तो खुर्चीत सावरून बसला. पुढचं पान, त्याच्या पुढचं. फिकट जांभळा आला तेव्हा तो विभागप्रमुखांच्या कानाशी लागून म्हणाला, "हा काय सुरेख रंग आहे!" सगळ्यांना ऐकू गेलं.

"बघ, मनावर घेतलं की जमतं," विभागप्रमुख लोकरला म्हणाले. "मागच्या वेळी तुझं रंगांकडे लक्षच नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "मॅडमनी पण मेहनत घेतली हो. पुढच्या वर्षी हा विषयच ठेवू आपण. सादरीकरणासाठी रंग. मॅडम घेतील."

मागे बसलेल्या सेटिंगने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी साथ दिली. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी आदर दिसत होता. एवढी वर्षं शिकवून तो कधी दिसला नव्हता. मी त्यांच्यातली झाले होते.

"हे आपल्या वेबसाइटवर टाकू," विभागप्रमुख म्हणाले.

"वेबसाइटसाठी दुसरी फाइल देते सर," लोकर म्हणाली.

"दुसरी कशाला? हीच छान आहे की."

"दुसरी देते," ती शांतपणे म्हणाली, आणि त्यांनी विषय सोडला.

निकाल तिथल्या तिथे सांगितला गेला. ती पास झाली, नुसती पास नाही, वर्गात दुसरी आली. सगळे पांगल्यावर मी बाहेर आले तेव्हा ती जिन्याजवळच्या बाकावर बसून लड्या पिशवीत भरत होती. मी अभिनंदन केलं. तिने मान हलवली. ऑफिसवाल्यांना कळवलंस का, मी विचारलं. कळवलं, म्हणाली. आईला? आईला पण. तिच्या तोंडून एक थँक यू निघेल अशी मी वाट बघत होते, हे मान्य करायला हवं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"हे तुम्हाला आधीपासून येत होतं?"

"काय?"

"हे, भिंतीसाठी रंग करायचं. परवा केलंत ते."

"हो, येत होतं."

"म्हणजे पहिल्या परीक्षेच्या आधी पण?"

"हो."

तिने शेवटची लडी पिशवीत कोंबली. "मग मला का नाही शिकवलंत?"

माझं ठरलेलं भाषण तोंडात तयारच होतं. "कारण ते चूक आहे. मी तुला खरं शिकवलं. तुझ्या आईला फोनवर जे लागणार आहे ते मी शिकवलं. भिंत आज ना उद्या बदलेल. तुझा डोळा तयार झाला, तो आयुष्यभर..."

"चूक आहेच मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला पण ते चूकच वाटतं. पण त्या दिवशी खरं तुमचं राहिलं आणि नापास मी झाले."

मला तिचा फार राग आला. या पोरीसाठी मी विभागप्रमुखांशी भांडले, हॉलची किल्ली मागितली, दुपारभर उभी राहिले. हे सगळं मी तिला सांगणार होते. तिने पिशवी खांद्याला लावली, "येते मॅडम" म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी कठड्याला धरून तिला द्यायची उत्तरं जुळवत उभी राहिले. एकाहून एक चांगली उत्तरं सुचली, आणि त्यातलं प्रत्येक माझीच बाजू घेणारं होतं.